धनराज मिस्त्रीचा उजवा हात

दिनांक १७ जानेवारी २००९, शनिवार. रक्कम रुपये चार हजार. हजर: एकोडीच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष डोमाजी कापगते, माझा धाकटा भाऊ विनोद, धनराज मिस्त्री, त्याची बायको शीलावहिनी आणि लिहून घ्यायला मी. बैठक ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात होती. आदल्या दिवशी सकाळी धनराजने पाना मारून विनोदच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली होती. त्याची भरपाई किती, एवढं ठरवायचं होतं.

विनोदने दहा हजार मागितले. प्लास्टर आणि एक्स-रेचे तेराशे झाले होते, बाकी गाडी उभी राहिल्याचे. डोमाजींनी धनराजला विचारलं, "मारलं काहून?"

"त्यानं हात घातला म्हणून."

"कोठी घातला?"

"इंजनात."

"एवढ्यासाठी माणसाचे बोटं मोडते का कोणी?"

"मी मोडतो."

डोमाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "लिहा. माणूस कबूल आहे." मग त्यांनी चार हजार सांगितले. धनराजने घासाघीस केली नाही. "पुढच्या आयतवारी देतो," म्हणाला आणि कागदावर डाव्या हाताने सही केली. उजवा हात बैठकभर शालीच्या आत होता. थंडी होती, आम्ही सगळेच शाली गुंडाळून बसलो होतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. शालीतला तो हात त्या वेळी मनगटापर्यंत सुजलेला होता आणि तर्जनी पांढरी पडून बधिर झाली होती. मिस्त्रीचा हात राहणार की जाणार हे त्या तासांत ठरत होतं, आणि आम्ही विनोदच्या बोटांवर बोलत होतो.

धनराज रामटेके मूळचा पवनीकडचा. चिखल्याच्या खाणीतून मॅंगनीज वाहणाऱ्या एका ठेकेदाराच्या टिप्परांवर तो शिकला. तिथून त्याला काढलं, कारण त्याने सुपरवायझरचा दात पाडला. हे तो स्वतःच सांगायचा. "दात हालतच होता त्याचा. मी काढून देला, फुकटात." जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच सुमाराला तो साकोलीच्या अलीकडे, आमच्या फाट्यावर आला आणि सडकेच्या कडेला टिनाची शेड टाकून बसला. शेडमध्ये बाबासाहेबांचा फोटो, एक लाकडी बाक, जुन्या पाइपांचा ढीग. चौदा एप्रिल आणि दसरा हे दोन दिवस शेड बंद. बाकी सगळे दिवस काम चालू आणि भांडणही.

तो बुटका, रुंद आणि बिनमानेचा होता. उजवी भुवई मधून फाटलेली. ती कोणी फोडली याची नावं तो बदलून बदलून सांगायचा. गाडी आली की तो आधी बॉनेट उघडत नसे. बाकावर बसून सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची प्लास्टिकची पुडी तळहातावर घोटत राही आणि ड्रायव्हरला बोलू देई. ड्रायव्हर बोलला की एकच प्रश्न: "रात्री गाडी कोठी होती?" उत्तर आलं की दुसरा: "तोंड कोणीकडं?" ड्रायव्हर खरं सांगत असेपर्यंत खर्रा घोटणं चालू. खोटं बोलला असं वाटलं की तो खर्रा तोंडात टाकी. नेहमीचे लोक तेव्हा दोन पावलं मागे सरत, कारण तोंड भरलं की त्याच्या बोलण्याचं काम हात करत. चापट, धक्का, हातात जे असेल ते. एका दूधवाल्याला त्याने एअर फिल्टरच्या डब्याने झोडपलं होतं. दूधवाल्याने फिल्टर बदलला असं सांगितलं होतं, आणि डब्यात उंदराचं घर निघालं होतं.

"डिझल खोटं बोलत नाही," तो म्हणायचा, "डायव्हर बोलते."

मी एकोडीच्या मच्छीमार संस्थेचा हिशेब लिहितो. आम्ही ढिवर. बापाने तलावात जाळं टाकलं, विनोदने मात्र पिकअप घेतली. सकाळी तलावाच्या काठावर मासळी निघते, ती बर्फात भरून भंडाऱ्याच्या बाजारात वेळेत पोचली तर भाव, नाहीतर अर्धा भाव. म्हणजे आमच्या घरात सकाळची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडी सुरू होणं. आणि तीच होत नव्हती.

विनोदने त्यावर उपाय काढला होता. रात्री गाडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उताराकडे तोंड करून उभी करायची. सकाळी सेल्फ नाही लागला तर गडगडत सोडायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की सुरू. गावातले तिघे-चौघे असंच करत. पाळीवर रांगेत गाड्या लागत. पण पाळीवर उभी केली की सकाळी गाडीखाली डिझेलचा डाग दिसे. डिझेल जातं म्हणून विनोदने काही दिवस गाडी घरासमोर सपाटीवर लावली. तिथे एक थेंब सांडला नाही, पण सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. असे दोन आजार घेऊन आम्ही दोघं भाऊ धनराजकडे गेलो. त्याच्याकडे जायची ती पहिलीच वेळ.

विनोदने दोन्ही आजार सांगितले. धनराजने खर्रा घोटत ऐकलं.

"पाळीवर ठेवली तं सुरू होते?"

"लगेच होते. गडगडवा नाही लागत बहुतेक."

"आणि खाली डाग."

"हो."

"सपाटीवर डाग नाही, पण सुरू होत नाही."

"हो. टाकी बी फुटली आणि सेल्फ बी गेला बहुतेक."

धनराज उठला, विनोदची मान मागून धरली आणि त्याला गाडीच्या बाजूला नेऊन खाली वाकवलं. "टाकी कोठी आहे? मधात. इंजन कोठी? समोर. पाळीवर तोंड खाली केलं तं टाकी वर गेली का नाही? मंग भोकातून तेल बाहेर येईन. सपाटीवर टाकी खाली, इंजन वर. तेल टाकीत वापस जाईन आणि त्याच भोकातून हवा आत येईन. पाइपात हवा भरली तं सकाळी इंजनाले काय पाजून राहिला तू, हवा?" प्रत्येक प्रश्नाला तो मान दाबत होता. "भोक एकच आहे बे. दोन आजार कुठचे."

मग त्याने डिझेलच्या पाइपात एक पारदर्शक प्लास्टिकची नळी मध्ये बसवली आणि गाडी सुरू केली. नळीतून डिझेलबरोबर बुडबुडे धावताना दिसले. त्याने एकेक जोड तपासला. भोक पंपाच्या अलीकडच्या रबरी नळीला होतं, क्लिपच्या खाली, बाहेरून कोरडं. नळी बदलली, तांब्याचे दोन वॉशर बदलले, हातपंप मारून हवा काढली. त्या रात्री गाडी घरासमोर सपाटीवर राहिली आणि सकाळी अर्ध्या सेल्फला सुरू झाली. विनोदची मान तीन दिवस दुखत होती. पाळीवरच्या बाकीच्या गाड्याही मग एक एक करून धनराजकडे गेल्या, आणि बहुतेकांना मान धरून वाकावं लागलं.

"तेल येडं असते," तो सांगायचा, "जाते तेथं डाग सोडते. हवा चोर आहे. आत येते, मागं काही सोडत नाही. गळते ते पाहू नका, शिरते ते पाहा."

त्याला सर्वांत राग होता तो मशालीचा. थंडीत गाडी सुरू होत नसली की काही ड्रायव्हर काडीला फडकं गुंडाळून डिझेलमध्ये बुडवतात, पेटवतात आणि हवा शिरते त्या तोंडाशी धरून सेल्फ मारतात. इंजिन ती आग ओढतं आणि धडधडत सुरू होतं. साकोलीचा एक ड्रायव्हर हे त्याच्या शेडसमोर करायला गेला. मिस्त्री चहाला गेलाय, तोवर आपणच सुरू करू, असं त्याला वाटलं असेल. गाडीच्या फिल्टरखाली डिझेल गळून काळं डबकं झालेलं. धनराज परतला तेव्हा फडकं पेटलेलं होतं. त्याने हाक मारली नाही. धावत आला, ड्रायव्हरच्या कमरेत लाथ घातली, मशाल हिसकून सडकेवर फेकली आणि वाळूची बादली आधी आगीवर, उरलेली ड्रायव्हरच्या तोंडावर मारली. तो माणूस डोळे धरून बसला. धनराज त्याच्या बाजूने फिरत होता आणि प्रत्येक फेरीत एक लाथ घालत होता. मी आणि पानठेलेवाल्याने मिळून त्याला बाजूला काढलं. माझ्या कोपराला तेव्हा बाकाचा खिळा लागला, त्याचा वण आहे.

नंतर मी विचारलं, मशालीचा एवढा राग कशाला. त्याने मला वेगवेगळ्या वेळी तीन उत्तरं दिली. एकदा म्हणाला, चिखल्याला त्याच्यादेखत एक टिप्पर असाच जळाला. एकदा म्हणाला, आगीनं सुरू केलेलं इंजिन मग आगीशिवाय सुरू होत नाही, आदत लागते. आणि एकदा म्हणाला, "लाथ माराले मजा येते, तुले काय करायचं आहे?" यातलं खरं कोणतं हे मला आजही सांगता येणार नाही.

साबणाचा प्रकार त्याहून वाईट. टाकीला बारीक भोक पडलं की कपड्याचा साबण चोळून ते बुजवायचं, ही आमच्याकडची सगळ्यांची जुनी युक्ती. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, दोन-चार दिवस निभतं. पण एका रेतीच्या ठेकेदाराने टाकीच्या भोकाला तर साबण लावलाच, वर फिल्टरच्या जोडालाही आतून लावला. त्याचे तुकडे पंपात गेले. पंप उघडून धनराजने पांढरे गोळे बाहेर काढले, टिनावर मांडले. ठेकेदार म्हणाला, "मिस्त्री, साबणच तं आहे. धुऊन टाक ना बाप्पा."

धनराजने त्यातला एक गोळा उचलला, ठेकेदाराचं नाक चिमटीत धरलं, आणि तोंड उघडल्यावर आत कोंबला. "साबणच तं आहे. खा."

ठेकेदार फेस थुंकत गेला आणि संध्याकाळी पाच जणांना घेऊन आला. त्यांनी शेडचे टिन वाकवले, बाक फोडला आणि धनराजची गळ्याजवळची हाडकी मोडली. शेडवर आलेली शीलावहिनी, जी गावात अंगणवाडी चालवते, हातात टायर काढायची टामी घेऊन मध्ये उभी राहिली म्हणून एवढ्यावर निभलं. एकाच्या नडगीवर तिने ती मारलीही. बायका तिला विचारायच्या, असा मारका माणूस, घरी कसा आहे? ती म्हणायची, "माया आंगावर त्यानं हात टाकला असता तं तो इथं नसता. मी असती."

पंधरा दिवसांनी ठेकेदाराची तीच गाडी शेडवर आली, कारण बाकी कोणाला तो पंप जमत नव्हता. धनराज गळ्यात झोळी बांधून बसला होता. ठेकेदार गाडीतून उतरला नाही. धनराजने एका हाताने पंप जुळवला, ठरलेली मजुरी घेतली आणि खिडकीशी जाऊन विचारलं, "चव कशी होती?" ठेकेदाराने काच वर केली. पुढची सगळी वर्षं त्याच्या गाड्या धनराजकडेच येत होत्या.

आता शुक्रवार, १६ जानेवारी. थंडी कडक होती. विनोदची पिकअप पुन्हा त्रास देत होती. मधल्या काळात तो भंडाऱ्याला भाडं घेऊन गेला असताना दुसऱ्या कोणाकडून इंजिनात डिझेल फवारणारी नोझल काढून साफ करवून आला होता. त्या माणसाने गाडी बंद पडू नये म्हणून इंजिनचा चालता वेग चढवून ठेवला. शिवाय पंपापासून नोझलपर्यंत जाणारे जे चार लोखंडी पाइप असतात, त्यांना एकत्र धरणारी क्लिप परत बसवली नाही. ती विनोदनेच नंतर सीटसमोरच्या डिकीत पाहिली, आणि नट चढत नव्हता म्हणून तशीच ठेवली. क्लिप नसली की पाइप थरथरतो, आणि थरथरून थरथरून तडकतो.

मी त्या दिवशी संस्थेच्या बर्फाचं बघायला फाट्यावर गेलो होतो, म्हणून समोर होतो. हातपंप मारून गाडी कशीबशी सुरू केली होती. इंजिन वेगात धडधडत होतं. दुसऱ्या पाइपाच्या बाजूला धुक्यासारखं काहीतरी दिसत होतं, दिसतं न दिसतं. धनराजच्या हातात सतराचा पाना होता.

"क्लिप कोठी गेली?"

"काय माहीत," विनोद म्हणाला.

"काय माहीत का माहीत आहे?"

"डिकीत आहे. तिचं काय एवढं? गळून राहिलं ते इथून," आणि विनोदने त्या धुक्यात बोट दाखवत डावा हात आत घातला.

धनराजची एक पद्धत होती आणि नेहमीच्या सगळ्यांना ती ठाऊक होती. चालत्या इंजिनच्या त्या चार पाइपांजवळ कोणी हात न्यायचा नाही. गळती शोधायची तर तो बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा तारेला बांधून फिरवायचा. कोणाचा हात जवळ आला की फटका. मी एकदा लाकडी मुठीचा फटका मनगटावर खाल्ला आहे. तेव्हा त्याने सांगितलं होतं की ती धार सुईहून बारीक येते, चामडी पाहत नाही, हाडापर्यंत तेल घालते. पण तेव्हा हातात लाकूड होतं. या वेळी पाना होता, आणि डोक्यात क्लिप होती. त्याने तो पाना पूर्ण ताकदीने विनोदच्या हातावर मारला. हात इंजिनच्या कडेवर आपटला. मोडल्याचा आवाज मी ऐकला.

विनोद ओरडला आणि उजव्या हाताने त्याने धनराजचा गळा धरला. विनोद त्याच्याहून हातभर उंच. दोघं बॉनेटवर आडवे झाले. विनोद त्याचं डोकं लोखंडावर आपटत होता, धनराज गुडघे मारत होता, आणि खाली इंजिन तसंच धडधडत होतं. पाना पडला. धनराजने स्वतःला वर ढकलायला उजवा हात आत टेकवला. मी चावी काढली. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल. धनराजच्या डोक्यातून रक्त वाहत होतं, विनोदच्या हाताची बोटं वाकडी लोंबत होती. मी विनोदला घेऊन साकोलीला गेलो. धनराजने डोक्याला फडकं बांधलं आणि तर्जनीवर मुंगी चावल्यासारखा एक ठिपका होता, तो पुसला. हे त्याने मला नंतर सांगितलं.

डोमाजींच्या बैठकीत मी जे पाहिलं ते सांगितलं: आधी पाना धनराजने मारला. ते खरंच होतं.

बैठक संपल्यावर शीलावहिनीने त्याच्या अंगावरची शाल ओढली आणि हात पाहिला. रविवारी सकाळी ती आमच्या घरी आली, आमच्या पिकअपसाठी. दुसरी गाडी मिळत नव्हती. विनोदला चालवता येत नव्हती, म्हणून शेजारचा ड्रायव्हर घेऊन मीच त्यांना नागपूरला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. पुढच्या सीटवर धनराज, मध्ये वहिनी. हात कोपरापर्यंत भरलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली. तडकलेला पाइप टेपने बांधला होता; निघण्याआधी धनराजने त्याचं नोझलकडचं टोक सोडवलं. मला हात लावू न देता त्याने डाव्या हाताने ते काम केलं. चार नोझलांपैकी तीनवरच ड्रायव्हरने गाडी नेली.

डॉक्टरने विचारलं, "काय टोचलं?"

"डिझल."

"केव्हा?"

"शुक्रवारी. सकाळी."

डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "पहिल्या सहा तासांत आणायचं असतं हे," म्हणाला, आणि माणसं बोलावली. हात तळव्यापासून मनगटापर्यंत उघडला. आतून डिझेलचा वास येत होता, असं वहिनीने सांगितलं. तर्जनी मुळापासून गेली, मधल्या बोटाची दोन पेरं गेली. बाकी हात त्यांनी चार वेळा उघडून धुतला आणि वाचवला.

मी आठव्या दिवशी भेटायला गेलो. तो पलंगावर बसून बाजूच्या रोग्याशी पंख्यावरून भांडत होता.

"बैठकीत काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. "त्याले धार लागू नये म्हणून मारलं म्हणायचं होतं."

"डोमाजीनं विचारलं मारलं काहून. हात घातला म्हणून मारलं. सांगितलं मी."

"पण तुमचा हात—"

"माया हाताचं कोणी विचारलं? त्याचे बोटं मोडले का नाही मोडले? मोडले. तं पैसे त्याचे." मग जरा वेळाने, "बरा झालो का बाकीचे आठ मोडतो त्याचे. त्याचे बी पैसे आगाऊ देतो, लिहून ठेव." हे तो हसून म्हणाला नाही. विनोदने पाठवलेली संत्र्यांची पिशवी मी ठेवली. त्याने ती डाव्या हाताने उचलून पलंगाखालच्या घाणीच्या बादलीत टाकली. "क्लिप डिकीत ठेवते लेकाचा," म्हणाला.

विनोदला मी सगळं सांगितलं. भरपाई सोडून द्यायची, असं त्याने ठरवलं, आणि तसं मी धनराजला कळवलं. निरोप आला: आयतवारी शेडवर या, डोमाजीला घेऊन या.

मार्चचा पहिला रविवार. शेडवर तेच सगळे हजर. धनराजने शंभराच्या नोटा काढल्या. विनोदने हात पुढे केला नाही. धनराज जवळ गेला, त्याची कॉलर धरली आणि नोटा त्याच्या खिशात इतक्या जोरात कोंबल्या की खिसा उसवला. डोमाजी उठले तर त्यांना म्हणाला, "बसा. तुमचं काम झालं." मग विनोदला, "गाडी घे आत. पाइप आणला का?"

विनोदने नवा पाइप आणला होता, आणि क्लिपही. धनराजने जुना पाइप पान्याने सोडवला. ते जमलं. अडचण नट लावताना आली. तो नट सुरुवातीला पान्याने लागत नाही. अंगठा आणि तर्जनीत धरून, दिसत नसलेल्या जागी, बोटाला कळेल तेव्हा आट्यावर बसवावा लागतो. तिरपा बसला तर आटे जातात आणि पंप बाद होतो. तर्जनी नव्हती. त्याने अंगठा आणि अनामिकेत धरला. नट निसटून खाली इंजिनच्या पोटात गेला. विनोदने वाकून तो काढून दिला. पुन्हा निसटला. धनराजने बॉनेटच्या कडेवर डोकं आपटलं, एकदा, जोरात, पूर्वीच्या जखमेच्याच बाजूला. शीलावहिनी शेडच्या खांबाला धरून उभी होती.

विनोद म्हणाला, "मी लावू का?"

"हात मागं घे."

विनोदने दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्यातला डावा अजून नीट मिटत नव्हता.

तिसऱ्यांदा धनराजने अंगठा आणि मधल्या बोटाच्या उरलेल्या खुंटात नट धरला. टाके नुकतेच भरलेले होते. खुंटावर दाब आला तेव्हा त्याच्या जबड्याचं हाड हाललेलं दिसलं. बराच वेळ त्याचा दंड हलला नाही. मग मनगट थोडं वळलं, आणखी थोडं वळलं, आणि त्याने श्वास सोडला. नट लागला होता. खुंटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला होता, तो त्याने पॅंटला पुसला आणि पाना मागितला.

गाडी सुरू झाली. त्याने चढवलेला वेग खाली उतरवला, क्लिप ओढून पाहिली. विनोदने मजुरी विचारली.

"दोनशे."

पाइपाचे सहाशे वीस दुकानदाराला गेले. मजुरीचे दोनशे विनोदने दिले, ते धनराजने घेतले. भरपाईचे चार हजार विनोदला मिळाले. नागपूरच्या औषधांचे आणि येण्याजाण्याचे साडेसोळा हजार शीलावहिनीने भरले, अंगणवाडीच्या मानधनातून आणि बचत गटाच्या कर्जातून. ते आम्ही दोघा भावांनी देऊ केले, दोनदा. दुसऱ्या वेळी तिने टामी उचलली.